उल्कावीर जिथे थांबतो

उल्कावीर मेला त्या दिवशी माझ्या दादाच्या चष्म्याच्या दुकानात अकरा माणसं रडत होती. त्यातली दोनच गिऱ्हाइकं होती, आणि त्यांच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेले होते. बाकीचे नऊ जण सिनेमा सुटल्यावर थिएटरातून तडक सांत्वनाला आले होते. दादाने सगळ्यांना पाणी दिलं, काचा पुसायची मऊ फडकी दिली आणि उल्कावीराच्याच आवाजात सांगितलं, की रडू नका, मी आहे ना. त्यावर ते नऊ जण आणखीच रडले.

माझा दादा उल्कावीर नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत काही जणांचा अजून गोंधळ आहे. पडद्यावरचा उल्कावीर दूरच्या देशातला, सहा फूट उंच, दाराएवढ्या छातीचा. तो आपल्या भाषेत बोलतो तेव्हा आवाज दादाचा असतो. चौदा वर्षं, सहा सिनेमे. दादा स्वतः पाच फूट चार इंच, केस नावापुरते आणि लहानपणापासून दमेकरी. त्या आवाजातून बाहेर पडणारे शब्द मात्र माझे. परक्या भाषेतले संवाद आपल्या भाषेत लिहायचं माझं काम. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या वाक्यातही तिथे प नाहीतर म यायला हवा, तो चार सेकंद बोलला तर आपणही चारच सेकंद बोलायचं, असली ती हमाली. सिनेमाच्या शेवटी माझं नाव वर सरकत येतं तोवर थिएटरात फक्त झाडूवाली उरलेली असते.

उल्कावीराच्या बाबतीत ओठांचा जाच नव्हता, कारण त्याच्या तोंडावर कायम मुखवटा. वेळेत बसलं की झालं, मध्ये कुठेही थांबा. म्हणून मी दादाच्या श्वासाने लिहायची. दादाला चार शब्द झाले की श्वास घ्यावा लागतो, मग तो पुढचे चार बोलतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. लहानपणी आम्ही एकाच खोलीत झोपायचो आणि त्याचा श्वास अडकला की माझी झोप उडायची. कागदावर चार शब्द झाले की माझी पेन्सिल आपोआप तीन टिंबं देते. ‘मी पडलो तरी चालेल... शहर पडता कामा नये.’ हे वाक्य पुढे लोकांनी शर्टांवर छापून घेतलं, टिंबांसकट.

त्या टिंबांवर लोकांनी जीव ओवाळून टाकला. उल्कावीराच्या चाहत्यांच्या उल्का मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे नाक्यावरच्या औषधांच्या दुकानातले काउंटरवाले, यांनी त्यावर चाळीस पानी लेख लिहिला. उल्कावीर मध्येच थांबतो, कारण प्रत्येक शब्दाआधी तो जगाच्या भल्याचा विचार करतो, असं त्यात सप्रमाण सिद्ध केलं होतं. हाच माणूस दर महिन्याला दादाला दम्याचा पंप पिशवीत घालून द्यायचा. पण दोन आणि दोन चार करण्यासाठी माणसाला कधीतरी जमिनीवर उतरावं लागतं.

तर उल्कावीर मेला, आणि दोन वर्षांनी सिनेमा कंपनीने जाहीर केलं की तो परत येतोय. जिवंत होऊन नव्हे, पहिल्यापासून. नवा नट, वय वर्षं बावीस, नव्याने अंगावर उल्का पडणार, नव्याने आई सोडून जाणार. आणि हे सगळं त्याच विश्वात, जिथे जलदामिनी, तांबडा बिबट्या वगैरे मंडळी आपापल्या सिनेमांत सुखाने नांदत होती. मंडळ हादरलं. रविवारी सकाळी दादाचं दुकान बंद असतं, तेव्हा शटर अर्धं खाली ओढून त्यांची सभा भरते. त्या रविवारी मी दादाला डबा द्यायला गेले आणि तावडीत सापडले.

त्यांच्या शंका रास्त होत्या, हे मला मान्य करावं लागेल. तो आता बावीसचा असेल, तर जलदामिनी कुणाच्या शवपेटीपुढे नऊ मिनिटं भाषण करत होती? तांबड्या बिबट्याच्या तिसऱ्या सिनेमात पोलीस ठाण्याच्या भिंतीवर उल्कावीराचा चाळिशीतला फोटो आहे, तो कुणाचा? मंडळातल्या भूगोलाच्या बाईंनी सगळ्या सिनेमांचा तक्ता काढून आणला होता, त्यात एक कुत्रा लाल शाईने गोल करून ठेवला होता. हा कुत्रा उल्कावीराचा, आणि तो अजून दुसऱ्या एका सिनेमात जिवंत आहे. मालक अजून उल्कावीर झालाच नाही, तर कुत्रा कुणाचा? सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू कुत्रा मी पळवला होता. मी म्हटलं, मी फक्त वाक्यं बसवते, विश्व चालवायला दुसरी माणसं आहेत.

अध्यक्षांनी मग हात वर करून सगळ्यांना शांत केलं. “ताई, फोटो चुकू दे, कुत्रा चुकू दे. विश्व एकच आहे याचा आमच्याकडे एकच पुरावा उरलाय, आणि तो तुमच्या दादांच्या गळ्यात आहे.” मंडळात दादाला ‘मूळ आवाज’ म्हणतात. मूळ आवाज काउंटरमागे उभं राहून नम्रपणे एक काच पुसत होते. ती काच केव्हाच स्वच्छ झालेली होती.

दादा नव्या सिनेमाच्या बोलावण्याची वाट बघत होता. त्याने गार पाणी सोडलं, सकाळी बागेला फेऱ्या मारायला लागला, फोनची पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलायला लागला. बावीस वर्षांच्या पोराचा आवाज काढायचा सराव तो दुकानातच करायचा. एका आजींनी डोळे तपासायच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचता वाचता विचारलं, डॉक्टर बाहेर गेलेत का, आणि हा मुलगा कोण? दादा दोन दिवस त्या आनंदात होता. मला दुकानात गेलं की त्याच्याकडे बघवत नसे, कारण मला माहीत होतं.

मला तीन महिने माहीत होतं. नव्या सिनेमाचे संवाद माझ्याकडेच आले होते आणि आवाज दुसऱ्याचा ठरला होता. कुठे बोलणार नाही अशी माझी सही त्यांनी घेतली होती, पण सही हे निमित्त. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही. दादासमोर बसून, त्याच्या हातचा चहा पिऊन, मी तीन महिने मूग गिळून गप्प राहिले.

नवा आवाज म्हणजे एक जलतरण शिक्षक. तिशीचा, खांदे कपाटासारखे, केस कधीही बघा ओलेच. पोरांना तलावाच्या काठावरून ओरडून शिकवताना डबिंगच्या बाईंनी त्याला ऐकलं आणि उचलून आणला. डबिंगच्या बाई म्हणजे आमच्या कामाच्या दिग्दर्शिका, चौदा वर्षं दादाला त्याच काचेमागे उभं करणाऱ्या. पोरगा गुणी होता. वेळेवर यायचा, पायपुसण्यावर पाय पुसायचा, आणि मी लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा म्हणायचा. जिथे तीन टिंबं, तिथे तो शिस्तीत थांबायचा. बाई कानाला हेडफोन लावून कपाळाला आठ्या घालायच्या आणि म्हणायच्या, कुठेतरी टोचतंय, पण सापडत नाही. मी मनात म्हणायची, दादा नाहीये ना, टोचणारच. मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटायची.

झलक आली ती रविवारीच. मंडळाने दादाच्या दुकानात काउंटरवर मोठा स्क्रीन आणून ठेवला. शहर जळतंय, उल्का पडतेय, धुरातून मुखवटा बाहेर आला आणि बोलला. आवाज दादाचा नाही हे कळायला दोन शब्द पुरले. भूगोलाच्या बाईंनी तोंडावर हात घेतला. दीड मिनिटाची झलक संपली, आणि मी दाराजवळ उभी राहून जमीन दुभंगायची वाट बघत होते.

“नक्कल करतोय,” अध्यक्ष म्हणाले. भूगोलाच्या बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, तो थांबतो, पण कशासाठी थांबतो ते कळतच नाही. चौदा वर्षांत या लोकांचं एकही म्हणणं मला पटलं नव्हतं, पण हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

दादा रागावला नाही. फक्त म्हणाला, परत लावा. मग त्याने डोळे मिटले आणि ऐकलं. मी त्याच्याकडे बघत होते. नवा उल्कावीर चार शब्द बोलून थांबला की इकडे दादाची छाती वर यायची, तो बोलायला लागला की खाली जायची. दीड मिनिट अगदी तंतोतंत. झलक संपली तेव्हा दादाने डोळे उघडून थेट माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या डोळे तपासायच्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचायला घेतली.

पुढचे तीन दिवस मंडळाने रान उठवलं. ‘मूळ आवाज परत आणा’ म्हणून हजारो सह्या, नव्या आवाजाची टिंगल, तलावाच्या काठचा त्याचा फोटो आणि खाली ‘बुडाला’. बुधवारी डबिंगच्या बाईंचा दादाला फोन आला. कंपनी घाबरली होती. पोहणाऱ्या मुलाला काढणार होते, दादाने शनिवारी यावं आणि सगळा सिनेमा नव्याने करावा. दादा म्हणाला, उद्या सांगतो. हे मला वहिनीने कळवलं. तिने हेही कळवलं, की त्याने निळा शर्ट इस्त्रीला दिलाय.

गुरुवारी दुपारी दादा माझ्याकडे आला. तीन जिने चढून आल्यामुळे आधी पाच मिनिटं नुसता बसून राहिला. मी पाणी कोमट करून दिलं. तो घोट घोट प्यायला आणि मग बोलला.

“त्या ओळी तू लिहिल्यास.”

“हो.”

“कधीपासून?”

“तीन महिने झाले.”

मला वाटलं आता ऐकावं लागणार, आणि मी ऐकायला तयार होते. पण तो वेगळ्याच गोष्टीवरून भडकला.

“छोटे, माझा दमा त्या पोराच्या नरड्यात कशाला कोंबलास?”

बावन्न वर्षांची बाई मी, तोंडात मारल्यासारखी बसून राहिले. खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं. चौदा वर्षं एकाच माणसाच्या छातीने लिहिलं, मग हात दुसरं काही लिहीतच नाही. समोर जलतरण शिक्षक उभा आहे, पाण्याखाली अख्खा तलाव पार करणारा, आणि मी त्याला चार शब्दांवर धाप लावतेय. तो तिथे थांबायचा, पण श्वास घ्यायचा नाही, कारण त्याला त्याची गरजच नव्हती. बाईंना टोचत होतं ते हेच.

चूक कळली तरी मी ती लगेच कबूल करणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, झालं ते बरंच झालं. लोकांना तूच हवायस, बाईंना तूच हवायस. शनिवारी शर्ट घालून जा, म्हण त्या ओळी, त्या तुझ्याच मापाच्या आहेत. कुणाला काही सांगायची गरज नाही. मला ते मनापासून हवं होतं. त्यालाही हवं होतं, तो कितीतरी वेळ पेला हातात फिरवत होता.

“शेवटच्या सिनेमात मरायचा प्रसंग एकोणीस वेळा केला आपण,” तो म्हणाला. “लोकांना वाटलं काय अभिनय केलाय. मी खरंच मरत होतो. आता हा बावीस वर्षांचा आहे. पळणार, उडणार. माझ्या श्वासावर हा तुझे तीन जिने चढायचा नाही. आणि त्या पोराची नोकरी जाणार ती तुझ्या टिंबांपायी. तू ते नीट कर.”

मग माझ्यासमोरच त्याने बाईंना फोन लावला. सांगितलं की मी येत नाही, मुलात खोट नाही, खोट लिहिण्यात आहे, माझी बहीण चार दिवसांत सगळं नवीन लिहून देईल. पलीकडून बाई काय बोलल्या ते मला टेबलाच्या या टोकाला ऐकू येत होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या लेखनाची एवढी सविस्तर दखल कुणी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तलावावर गेले. माझ्यामुळे त्याच्यावर काय ओढवलं होतं ते त्याला सांगितलं, माफी मागितली. तो म्हणाला, मला वाटलं मलाच जमत नाहीये. मग मी बाकावर बसून तो बोलतो कसा ते ऐकलं. ‘पाय सरळ ठेव हात लांब कर मान खाली घाल आणि मी सांगेपर्यंत वर यायचं नाही’, हे सगळं एका दमात, आणि वर शिट्टी. माझं डोकं गरगरलं. त्या मापाची वाक्यं लिहिणं म्हणजे माझ्या पेन्सिलीशी मारामारी होती. पाचव्या शब्दावर ती टेकायला बघायची आणि मी तिला पुढे ढकलायची.

तपासायला दादाच बसला. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, तेव्हा तो काउंटरवर कागद पसरून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायचा. नियम त्यानेच ठरवला. जी ओळ त्याला आरामात म्हणता आली ती चुकली, तिच्यावर फुली. जिच्यात तो गुदमरला ती पास. पहिल्या दिवशी पानंच्या पानं फुल्या. दुसऱ्या दिवशी तो तीनदा खोकला आणि खूश झाला. एका लांबलचक धमकीनंतर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, ही मस्त आहे, ही मला मारेल.

अशाच एका दुपारी अध्यक्ष शटरखालून वाकून आत आले. मूळ आवाजाने नकार दिल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ते जाब विचारायला आले होते. दादाने त्यांना स्टूल दिलं आणि थांबण्याची गोष्ट सांगून टाकली. दम्याची, माझ्या टिंबांची, सगळी. पंप तर तुम्हीच देता मला, असंही म्हणाला. अध्यक्षांचा चेहरा बघवत नव्हता. चाळीस पानं क्षणात पाण्यात गेली होती.

“म्हणजे तो जगाचा विचार करत नव्हता?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या श्वासाचा करत होता,” दादा म्हणाला.

अध्यक्ष स्टुलावरून उठले. मग त्यांनी विचारलं, हे मंडळाला सांगू का, आणि दादाने खुशाल सांगा म्हटलं. मला वाटलं, चला, यांचं खूळ गेलं. संध्याकाळपर्यंत मंडळाचा नवा सिद्धांत बाहेर आला. उल्कावीराला दमा होता. तो उल्केच्या धुळीने, पुढे कधीतरी जडला. बाविसाव्या वर्षी तो ठणठणीत असणारच, त्यामुळे नवा आवाज थांबत नसेल तर ते बरोबरच आहे, आणि विश्व एकच आहे हे निर्विवाद सिद्ध होतं. पोहणाऱ्याचा फोटो परत फिरायला लागला, या वेळी खाली ‘निरोगी’. कुत्र्याचा प्रश्न तेवढा खुला ठेवला होता.

शेवटच्या दुपारी एकच ओळ उरली होती. उल्कावीर तुटक्या पुलाला एका हाताने लोंबकळतोय, दुसऱ्या हातात माणसांनी भरलेली बस, आणि आतल्या लोकांशी तो पहिल्यांदा बोलतो. सिनेमातली सगळ्यात लांब ओळ ती. मी ती सात वेळा लिहिली होती. दादाने चष्मा नीट केला, सरळ बसला आणि वाचायला लागला.

“मला ओळखत नसाल तरी चालेल पण हात सोडू नका कारण मी आत्ताच सुरुवात केली आहे आणि...”

तिथे त्याचा श्वास संपला. खांदे वर आले, एक हात काउंटरवर टेकला, ओठ पुढचा शब्द धरून तसेच राहिले. माझी पेन्सिल कागदावर कधी पोचली ते मला कळलंही नाही. ‘कारण’च्या आधी तीन टिंबं. दोन देऊन झाली होती, तेवढ्यात दादाने माझं मनगट धरलं.

त्याला बोलता येत नव्हतं. त्याने नुसती मान हलवली. मग पंप घेतला, डोळे मिटून बसला, आणि मी ती दोन टिंबं खोडरबरने पुसली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. या माणसाला जिथे जिथे दम लागेल तिथे मी आयुष्यभर जागा करून ठेवली होती, आणि आता त्याच्यासमोर बसून ती एकेक बुजवत होते.

“थांबवू नकोस त्याला,” श्वास जागेवर आल्यावर दादा म्हणाला. “माझ्यासाठी तर मुळीच नको.”

त्याने कागद स्वतःकडे ओढला, त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली आणि खाली तारीख टाकली. चार वाजत आले होते. बाहेर कुणीतरी शटर ठोठावत होतं, म्हणून तो उठला आणि दुकान उघडायला गेला.